चालत्या ऑटोतला आवाज

"श्वास रोखून धर बे! उडाली तं सापडणार नाई," मोबाईलच्या स्पीकरमधून त्याचा दोस्त आदेश ओरडला, आणि बिलालने खरंच श्वास रोखला.

समोर स्टीलच्या ताटलीत कॉम्प्युटरचा प्रोसेसर पालथा पडला होता. चौकोनी, बिस्किटाएवढा, पाठीवर बारीक सोनेरी ठिपकेच ठिपके. त्यातल्या एका ठिपक्यावर, फक्त एकावर, प्लास्टिकचा कण चिकटवायचा होता. शेजारच्या ठिपक्याला धक्का लागायला नको, वर जाडी यायला नको. सेलोटेप लावून झाली होती, ती जाड पडली आणि प्रोसेसर खोबणीत बसेचना. इलेक्ट्रिकची काळी टेप तर त्याहून जाड. मग बिलाल कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर धावत गेला आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात ना, त्या पन्नीचा एक कोरा तुकडा मागून आणला. तिच्याइतकं पातळ अख्ख्या ब्रह्मपुरीत काही मिळालं नसतं. ब्लेडने कापून, सुईच्या टोकावर उचलून, त्याने तो कण ठिपक्यावर टेकवला.

"बसला," तो म्हणाला.

"ते पन्नी कायची आहे?" मागून अम्मीचा आवाज आला.

शमसुन्निसा दारात उभी होती, हातात ताटातलं सूप, तसंच परत आणलेलं. तिला पन्नी ओळखू आली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून असल्या किती पन्न्या काढून चुलीत टाकल्या असतील.

"माह्या घरात खर्ऱ्याची पन्नी आणली तू? ह्या घरात?"

"कोरी आहे अम्मी. पातळ पाहिजे होती."

"पातळच असते ते," ती म्हणाली. "पातळ असते म्हणूनच माणसाले समजत नाई." आणि ती आत निघून गेली.

आतल्या खोलीत तिचा नवरा इब्राहीम भिंतीकडे तोंड करून पडला होता. पावसाळ्यापासून तो असाच पडून होता. तोंडाचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी जीभ काढली, जबड्याचा एक तुकडा काढला, मांडीची कातडी गालाला लावली, आणि सांगितलं की माणूस वाचला. वाचला खरा, पण बोलणारा माणूस होता तो.

म्हणजे कसा बोलणारा? अहो, सावली गावापासून वडशापर्यंत पोरांना विचारा. धानकापणी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, मंडईला नाटक लागतं, एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन, आणि दिवसभर नाटकांचे ऑटो कर्ण्याचे पोंगे लावून फिरतात. बाकीचे ऑटोवाले ओरडत जायचे आणि निघून जायचे. इब्राहीम चौकात ऑटो थांबवायचा. माणसं बघायचा. "अन् ते पिवळ्या लुगड्यावाली माय कुठी पळून राह्यली? जावयाले घेऊन ये, सासू-जावयाचंच नाटक आहे!" की लगेच तिकडून शिवी यायची, इकडून जबाब जायचा, तिकडून दुसरी, इकडून दुसरा, आणि चौक हसून हसून लोळायचा. नाटक कसं असेल ते असो, लोक इब्राहीमच्या शब्दाखातर तिकीट काढायचे. लहानपणापासून बिलाल त्या ऑटोत मागे पत्रकं घेऊन बसलेला, त्यामुळे त्याला पक्कं माहीत होतं की सारी गंमत झटकन येण्यात आहे. जबाब एक श्वास उशिरा आला की मेला.

ऑपरेशन झाल्यावर नाटकाचा मालक धनराज घरी येऊन गेला. भला माणूस. बसला, चहा प्याला, आणि बाहेर अंगणात बिलालला म्हणाला, "तूच बोल ना बे पोंग्यातून. बाप कसा बोलते तुले तं सारं पाठ आहे."

बिलालने बोलून पाह्यलं होतं. त्याचा आवाज बारीक, मध्येच चिरका होणारा. पण आवाजाचं सोडा. तो बोलत असताना खिडकीतून इब्राहीमने ऐकलं, आणि त्या दिवसापासून ताट परत जायला लागलं. आधी अर्धं जायचं, मग सगळं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, गिळता येतं आहे, आता खात का नाहीत ते आम्ही कसं सांगणार? अंगावरचं मांस तर असं उतरलं की शमसुन्निसा रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची.

तर अशा वेळी आदेशने ते सांगितलं. आदेश म्हणजे बिलालचा शाळेतला दोस्त, नागपुरात इंजिनीअरिंगला. आपण लिहायचं आणि कॉम्प्युटर माणसाच्याच आवाजात बोलतो, म्हणाला, फक्त जुने रेकॉर्डिंग पाहिजेत. रेकॉर्डिंगला काय तोटा! मंडईच्या क्लिपा लोकांच्या मोबाईलमध्ये पडलेल्या होत्या, बिलालने वणवण करून गोळा केल्या, आदेशने कॉलेजच्या मशीनवर आवाज घडवून पाठवला. आणि पहिल्यांदा ऐकवायला म्हणून बिलालने लिहिलं, शमसुन, चहा दे.

कॉम्प्युटर गरजला, "शमसुनऽऽ! चहाऽऽ दे!"

अशा थाटात, जणू चहा नावाचं तीन अंकी नाटक लागलं आहे! कारण त्याने इब्राहीमला फक्त पोंग्यावरच ऐकलं होतं. हळू आवाजात कसा बोलायचा, बायकोशी कसा बोलायचा, ते कुणी रेकॉर्ड केलंच नव्हतं. शमसुन्निसा आधी हसली, मग ओढणी तोंडात कोंबून रडली. पण आत, भिंतीकडे तोंड करून पडलेला इब्राहीम उठून बसला होता. कितीतरी महिन्यांनी.

बिलाल त्याच संध्याकाळी धनराजकडे गेला. धनराज म्हणाला, "माह्याजवळ रेकॉर्डिंगची क्लिप तयार आहे, तेच लावणार होतो. पण इब्राहीमभाऊ ऑटोत बसून चौकात जबाब देत असन, तं मले तेच पाहिजे ना बाप्पा! बोरटोल्याची मंडई पाहू. जमलं तं सारा सीजन त्याचा."

आणि इब्राहीमने त्या रात्री भाताची पेज घेतली. आता सांगा, ह्याच्यानंतर त्याला नाही म्हणायची कुणाची छाती होती?

घोडं अडलं ते कॉम्प्युटरवर, आणि इब्राहीम पुन्हा भिंतीकडे वळला, ताट पुन्हा परत येऊ लागलं. बिलाल बस स्टँडजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, तिथे कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेलं मशीन त्याने घरी आणलं होतं. जुना प्रोसेसर, चार-पाच शब्द बोलायचा आणि अडखळायचा, पुन्हा चार शब्द. अगदी थोडक्यात मार खात होता. मोबाईलवर चालवून बघितलं तर मोबाईल दुसऱ्याच वाक्याला तापून बंद. इंटरनेटवरून करावं तर बोरटोल्याच्या रस्त्याला टॉवर कधी असतो, कधी नसतो. नवीन मशीन कुठून आणणार, घरात होतं ते सगळं नागपूरच्या दवाखान्यात गेलं होतं. राहिला एकच मार्ग. आहे तोच प्रोसेसर त्याच्या ताकदीपेक्षा जोरात पळवायचा.

पळवता येतो. पण वेग वाढवला की त्याला थोडं व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं. शंकरपटात बैल पळवायचा तर आधी ढेप-सरकी चारतात ना, तसं. आणि ह्या मशीनच्या कंपनीने सेटिंगमध्ये व्होल्टेजला कुलूप घालून ठेवलं होतं. बिलालने सगळी पानं उघडून पाह्यली, तारीख बदला, वेळ बदला, एवढंच. वेगाचंही बटण नव्हतं, म्हणून तर ही पन्नीची युक्ती. ठिपका झाकला की बोर्ड फसतो, त्याला वाटतं हा वरच्या जातीचा प्रोसेसर आहे, आणि तो त्याला जोरात हाकायला लागतो. व्होल्टेज मात्र होतं तेवढंच. म्हणजे बैल पळवायचा, पण उपाशी.

"पाह्य, ठंडा राह्यला तं पळन," आदेश फोनवर म्हणाला. "गरम झाला की उपाशी बैल बसते. ठंडा ठेव फक्त."

बिलालने मशीन जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी, अजून काळी, आणि मग उजेड आला. त्याने एक लांबलचक वाक्य लिहिलं आणि इब्राहीमचा आवाज ते न अडखळता, एका दमात बोलून गेला. दारात इब्राहीम उभा होता. भिंतीला धरून, पण उभा. त्याने कपाळावर दोन बोटं लावून पोराला सलाम केला, थट्टेतला, जुना. बिलालला त्या क्षणी वाटलं की आपण जग जिंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरटोल्याला निघाले. मंगरूचा ऑटो, वर पोंगा, मागे बॅटरी आणि इन्व्हर्टर, सीटवर दोरीने बांधलेलं मशीन, त्याची एक बाजू उघडी टाकलेली, वारा लागावा म्हणून. बिलालच्या मांडीवर कीबोर्ड. शेजारी इब्राहीम, पांढरा कुर्ता, अत्तर, आणि डोळ्यांखालून गळ्यापर्यंत गुंडाळलेला गमछा. अजूनही तो बोलायचा, म्हणजे घशातून आणि नाकातून एक घोगरा लोळ निघायचा. जगात कुणाला त्यातलं काही कळायचं नाही, एकट्या बिलालला कळायचं. ठरलं असं होतं की इब्राहीम गमछ्याआडून म्हणेल, बिलाल टायपेल, मशीन गरजेल.

आणि काय गरजलं हो! थंडी पडलेली, ऑटो पळतोय, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, मशीनमधून गार वारा आरपार. "रसिक मायबाप होऽऽ! बोरटोल्याच्या मंडईत, आज रात्री, जावई अडला दारात!" वाटेवरच्या बाया डोक्यावरचे भारे धरून वळून बघायला लागल्या. एक म्हातारा सायकलवरून उतरला. "अरे, इब्राहीम आला ना! मले तं कोणी सांगतलं का गेला म्हणून!"

इब्राहीमने गमछ्याआडून काहीतरी म्हटलं. बिलाल हसत हसत टायपू लागला, आणि पोंगा म्हणाला, "गेलो होतो बुढ्या, तुह्यासाठी जागा पकडाले! पण तू येतच नाई, म्हणून वापस आलो!"

म्हातारा रस्त्यातच हसत बसला. मंगरू हसून हसून ऑटो नागमोडी चालवायला लागला. इब्राहीमचे डोळे असे चमकत होते, की बिलालला कीबोर्ड दिसेना.

बोरटोल्याला पोचेपर्यंत दुपार झाली. मंडईची गर्दी, उंच ढाली नाचवणारे, जिलेबीचे ठेले, पाळणा, धूळ. चौकात वडाखाली दुसऱ्या नाटक कंपनीचा ऑटो आधीच येऊन थांबला होता, म्हणून मंगरूने ऑटो उन्हात लावला.

आता इथे बिलालच्या लक्षात आलं. ऑटो थांबला. वारा थांबला. चौकात थांबल्याशिवाय जबाब कसा देणार? आणि थांबलं की मशीन गरम होणार! ही साधी गोष्ट इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यात आली नव्हती. त्याने घरून छोटा टेबलफॅन आणला होता, तो लावला तर इन्व्हर्टर पीं पीं करून ओरडायला लागला. फॅन काढला. पत्रकांच्या गठ्ठ्याने वारा घालायला लागला, एका हाताने. दुसऱ्या हाताने टायपत.

"रसिक मायबाप होऽऽ!" पोंगा म्हणाला. लोक गोळा व्हायला लागले. "बोरटोल्याच्या लेकीबाळी होऽऽ!" अजून लोक. आणि गर्दीतून वाट काढत, कमरेवर हात ठेवून, रुखमाबाई पुढे आली.

रुखमाबाई म्हणजे बोरटोल्याची तोफ. दर मंडईला तिचं आणि इब्राहीमचं चौकात भांडण व्हायचं, आणि ते ऐकायला आजूबाजूच्या वाड्या-टोल्यांवरून माणसं यायची. ती पुढे आली म्हटल्यावर चौक आपोआप गप्प झाला. तिला ऑपरेशनचं कुणी सांगितलं नव्हतं. तिने पोंग्यातून त्याचा आवाज ऐकला होता ना आत्ताच!

"काऊन रे इब्राहीम," ती ओरडली, "सारा पावसाळा तोंड लपवून बसला, अन् आता नव्या नवरीवानी पदर घेऊन आला! बोबडी वळली का तुही?"

चौक खदखदून हसला. बिलालने बापाकडे पाहिलं. आणि इब्राहीम घाबरला नव्हता, उलट! गमछ्याच्या वर त्याच्या डोळ्यांत ते जुनं, जबाब सापडल्यावरचं हसू होतं. त्याने झटकन घोगरं काहीतरी म्हटलं. बिलालला कळलं. तो जबाब नुसता जबाब नव्हता. त्यात अब्बा तिला, चौकाला, साऱ्या मुलखाला सांगून टाकत होते की काय झालं आहे, आणि हसवून सांगत होते. त्याची बोटं कीबोर्डवर धावली. एंटर.

"रु," पोंगा म्हणाला. "रु रु रु रु रु रु रु रु..."

स्क्रीन गोठली होती. पोंग्यातून धडधाकट इब्राहीमचा आवाज अडकलेल्या कोंबड्यासारखा रु रु करत राहिला. पोरं त्याच्याबरोबर ओरडायला लागली, रु रु रु! बिलालने बटण दाबून धरलं, बंद होईना. वायर उपटली. एकदम शांत. मग त्याने परत लावली, पंखा फिरला, स्क्रीन काळी. "चाल ना बे," तो प्रोसेसरवर तोंडाने फुंकत म्हणत होता, "चाल ना, चाल, एक वाक्य, एकच वाक्य बोल." स्क्रीन उजळली आणि परत गोठली. त्याने पाण्याची बाटली आपल्या कुर्त्यावर ओतली, कुर्त्याचा ओला घोळ पंख्याखालच्या तापलेल्या धातूच्या पट्ट्यांवर दाबला, चटका बसला, तरी दाबला. स्क्रीन आता काळीच राहिली.

"घ्या! माणूस बी बंद पडला!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. वडाखालच्या ऑटोने आपली क्लिप मोठ्याने लावली.

"बोल ना रे!" रुखमाबाई अजून हसत होती. "मी उभी आहे ना!"

तेव्हा इब्राहीमने गमछा सोडला. घाई न करता, एकेक वेढा. मांडीची कातडी लावलेला गाल, आत गेलेला जबडा. त्याने तोंड उघडून तिला दाखवलं. बस, एवढंच. आणि परत मिटलं.

रुखमाबाईचा कमरेवरचा हात खाली आला. पुढची माणसं गप्प झाली, मग त्यांच्या मागची. तिने पदर तोंडाला लावला, वाटलं आता ही रडणार. पण ती रडली नाही. खाकरली. आणि वर बघून, मोठ्याने, थोड्या फाटक्या आवाजात म्हणाली, "मागच्या खेपी मी म्हटली होती, तुह्या नाटकापेक्षा माही म्हैस बरी नाचते. तं तू काय म्हटला होता? म्हटला होता, रुखमाबाई, म्हशीले घेऊन ये, तिले तिकीट माफ, तुह्यावालं डबल!"

दोघंतिघं हसले. "अन् मंग मी म्हटली," ती पुढे म्हणाली, आणि त्याचं बोलणं त्याच्या सुरात, तिचं तिच्या सुरात, जुनं सारं भांडण तिने चौकात एकटीनं भांडून दाखवलं. लोक हसले. खूप हसले, खरंच. इब्राहीमने तिला हात जोडले. मग त्याने गमछा परत गुंडाळला आणि मंगरूच्या खांद्याला हात लावला, चल.

गावाबाहेर आल्यावर धनराजचा फोन आला. त्याला कळलं होतं. "तुही चूक नाई बिलाल," तो म्हणाला, "लई मेहनत केली तू. पण भाऊले आता अशी परेशानी नको देऊ. उद्यापासून मी क्लिपच लावतो." बिलालने हो म्हटलं. फोन ठेवला तेव्हा त्याची भाजलेली बोटं ठणकायला लागली होती. बापाकडे बघायची त्याची हिंमत होईना. घरी अम्मी भात टाकून बसली असेल, आणि हे ताट आता परत जाणार, उद्याचंही जाणार.

ऑटो पळत होता. उतरतं ऊन, गार वारा, उघड्या मशीनमधून आरपार. आणि आपोआप, कुणी हात न लावता, स्क्रीन उजळली. बिलाल बघतच राहिला. चांगलं चालू. सारं जिथल्या तिथं.

"अब्बा," तो म्हणाला. "चालू झालं."

इब्राहीम बाहेर बघत होता.

"काय लिहू, अब्बा?"

इब्राहीम पोराकडे वळला. मग त्याने तेच म्हटलं. चौकात म्हटलं होतं तेच, शब्दाला शब्द. बिलालने ते जळक्या बोटांनी टायपलं.

आणि पोंगा गरजला, एका दमात, न अडखळता, दोन्ही बाजूंच्या रिकाम्या बांध्यांवर, "रुखमाबाई होऽऽ! तुह्यासंगं भांडून भांडून माही जीभ झिजली, उरली ते डॉक्टरनं नेली! आता आज तिसऱ्या अंकापर्यंत तू बी गप बसून दाखव!"

बांध्यांतले बगळे उडाले आणि थोडं पलीकडे जाऊन बसले. मंगरू हसला नाही. पुढे ब्रह्मपुरीचा फाटा आला तसा त्याने वेग कमी केला आणि मागे वळून विचारलं, "घराकडे वळू का भाऊ?"

इब्राहीमने हाताने सांगितलं, सरळ. बिलालच्या कानाशी वाकून तो पुढचं वाक्य सांगायला लागला होता.